लातूर : गाडीवर वाढलेलें शहर

शिरूर नांवाचीं गांवें महाराष्ट्रांत इतकीं आहेत कीं, नुसतें 'शिरूर' एवढेंच लिहून पत्र धाडलें तर तें कोठें जाऊन पडेल याचा नेम नाहीं. घोडनदीचें शिरूर पुणें जिल्ह्यांत, शिरूर कासार बीडकडे, शिरूर ताजबंद अहमदपूरच्या बाजूस; आणि लातूरच्या पूर्वेस, निलंगा व उदगीर यांच्या मधल्या मुलखांत जें आहे तें शिरूर अनंतपाळ. १९९९ सालीं रेणापूर, देवणी आणि जळकोट यांच्याबरोबर हेंही गांव तालुक्याचें ठिकाण झालें. तोंपर्यंत निलंग्याच्या तालुक्यांतलें एक मोठें खेडें एवढीच त्याची ओळख होती. तहसील कचेरी आली, तिच्यामागून अर्ज लिहून देणारे आले, त्यांच्यामागून चहावाले आले. पुढें ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत झाली. आतां आपलें गांव खरेंखुरें शहर केव्हां होणार, असा प्रश्न तेथील मंडळींच्या मनांत येणें साहजिकच आहे.

या प्रश्नाचें उत्तर ज्योतिषापेक्षां इतिहासाला विचारावें हें बरें; आणि त्यासाठीं फार दूर जाण्याचेंही कारण नाहीं. शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं खुद्द लातूर जवळजवळ याच पायरीवर उभें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत तें तालुक्याचें ठिकाणही नव्हतें; निजामाच्या राज्यांत तें औसा तालुक्यांत मोडत असे. १९०५ च्या सुमारास त्याच्या नांवानें तालुका झाला. आज औसा हा लातूर जिल्ह्याचा एक तालुका आहे, आणि लातूर महानगरपालिकेचें शहर आहे. २०११ च्या शिरगणतींत त्याची वस्ती ३,८२,९४० भरली. धनी आणि कूळ यांची ही अदलाबदल कशी झाली, हें पाहण्याचा आमचा या लेखांत विचार आहे.

लातूरचा अभिमान बाळगणारे गृहस्थ या कथेचा आरंभ राष्ट्रकूटांपासून करतात, आणि तो अगदींच निराधार नाहीं. राष्ट्रकूट राजे आपणांस लट्टलूर नगरीचे अधीश्वर म्हणवीत असत. हें लट्टलूर कोणतें, यावर पंडितांत बराच खल झाला. डॉ. फ्लीट यांनीं प्रथम बिलासपुराकडील रतनपुराकडे बोट दाखविलें होतें. पुढें मत लातूरकडे झुकलें, आणि डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनीं १९३४ सालच्या आपल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथांत लातूरचाच पक्ष उचलून धरला. गंमत अशी कीं, हें बिरुद ज्या लेखांत आलें आहे त्यांतला एक, अमोघवर्षाच्या कारकीर्दींतील इ. स. ८६६ चा शिलालेख, 'शिरूर' येथेंच मिळालेला आहे. परंतु आमच्या शिरूरकर मित्रांनीं हुरळून जाऊं नये; तें शिरूर कर्नाटकांतलें!

बिरुद खरें मानलें, तरी त्यावरून सिद्ध होतें तें इतकेंच कीं, या राजकुळाचें मूळ लातुरांत असावें. त्यांची राजधानी मान्यखेट येथें झाली, त्यांचें कैलास लेणें वेरूळला कोरलें गेलें. थोर पुरुषाचें आजोळ म्हणून एखाद्या खेड्याचें नांव निघावें, तितकाच हा संबंध. राष्ट्रकूटांची सत्ता दहाव्या शतकांत मावळली आणि लातूरची बाजारपेठ विसाव्यांत फुलली. मधल्या हजार वर्षांचा दोर एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत ओढण्याचा खटाटोप आम्हांस तरी मान्य नाहीं. त्या काळांत गांव नांदत होतें आणि सिद्धेश्वराच्या देवळापाशीं महाशिवरात्रीची जत्रा भरे, एवढें म्हणून पुढें जावें.

मध्ययुगांत ज्यांचा दबदबा होता तीं गांवें निराळीं. औशास किल्ला आहे, उदगिरास किल्ला आहे, कंधारास आहे. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या फौजेचा मोड केला तो उदगीरच्या रणांगणावर. मराठ्यांच्या बखरींत उदगीरचें नांव कायमचें कोरलें गेलें. लातूरला किल्ला नाहीं, कोट नाहीं, खंदक नाहीं. लढाईच्या नकाशावर त्याचें कांहींच महत्त्व नव्हतें. त्याचें महत्त्व जेव्हां वाढलें, तेव्हां तें बैलगाडीमुळें वाढलें.

बालाघाटाच्या पठारावरचा हा मुलूख काळ्या मातीचा. ज्वारी, तूर, कापूस, करडई, जवस हें येथलें पीक. खाऊन उरेल तें विकावयाचें, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्याला मुख्य पेठ होती बार्शीची. बार्शी इंग्रजी अमलांत, सोलापूर जिल्ह्यांत. आणि हा मुलूख निजामाचा. सरहद्द ओलांडली कीं राज्य बदले, नाणें बदले, कचेरीची भाषा बदले. इकडे हाली सिक्का चाले, तिकडे कलदार. सुमारें ११६ हाली रुपये मोजावे तेव्हां १०० कलदार पदरीं पडत. शिवाय नाक्यावर करोडगिरी, म्हणजे निजाम सरकारची जकात, द्यावी लागे ती वेगळीच. एवढें सोसूनही मालाच्या गाड्या बार्शीला जात, कारण बार्शीच्या पलीकडे वीस-बावीस मैलांवर मुंबईची आगगाडी होती. ज्या स्थानकावर ती थांबे त्याचें नांव होतें 'बार्शी रोड'. म्हणजे आजची कुर्डुवाडी. आगगाडीच्या वेळापत्रकांत ज्या गांवापुढें 'रोड' लागलें तें गांव रुळांपासून दूर राहिलें असें समजावें. लातूरच्या नशिबींही पुढें 'लातूर रोड' नांवाचें एक स्थानक आलेंच. तें लातुराहून पुष्कळ कोसांवर, दुसऱ्याच लोहमार्गावर आहे.

बार्शी आणि बार्शी रोड यांमधलें हें अंतर तोडण्यासाठीं एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाचा एक इंग्रज स्थापत्यविशारद पुढें आला. थोड्या खर्चांत, अरुंद रुळांवर, हलक्या पण भक्कम गाड्या चालवितां येतात, असा त्याचा ठाम सिद्धांत होता. त्यानें रुळांमधलें अंतर अवघें अडीच फूट ठेवलें, आणि इंजिन असो वा डबा, कोणत्याही आंसावर पांच टनांहून अधिक भार पडूं नये असा नियम घातला. त्यामुळें वारास तीस पौंड वजनाचे हलके रूळ पुरले. या गाड्यांची परीक्षा हिंदुस्थानांत येण्यापूर्वीं विलायतेंत लीड्स शहरानजीक मुद्दाम रूळ घालून घेण्यांत आली. १८९७ सालीं बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. (हाच कॅलथ्रॉप पुढें विमानांतून उडी टाकणाऱ्यांसाठीं हवाई छत्र्या करूं लागला. मनुष्याची बुद्धि एका रुळावर राहत नाहीं हेंच खरें.) १९०६ सालीं तिचा फांटा पंढरपुरास गेला आणि वारकऱ्यांची दाटी तिला मिळाली. पूर्वेकडे ती निजामाची सरहद्द ओलांडून प्रथम तडवळ्यापर्यंत आणि १९११ सालीं लातूरपर्यंत आली. पुढें १९२७ सालीं पंढरपूरचा फांटा मिरजेस जाऊन भिडला. आणि मिरजेपासून लातूरपर्यंत सुमारें दोनशें मैलांची ही चिमुकली आगगाडी पुरी झाली. तिचें पूर्वेकडचें शेवटचें स्थानक लातूर होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

आगगाडीच्या वाटेवर मध्येंच असणें आणि तिच्या शेवटास असणें यांत फार फरक आहे. वाटेवरच्या गांवास गाडी दोन मिनिटें थांबते आणि निघून जाते. शेवटच्या गांवीं ती रिकामी होते आणि तेथेंच भरते. लातूरच्या पुढें रूळ नव्हते, म्हणून उत्तरेस अंबाजोगाई-अहमदपूर, पूर्वेस उदगीर-शिरूर, दक्षिणेस निलंगा-औसा, अशा पंचक्रोशीच्या कितीतरी पटींनीं मोठ्या टापूंतला माल बैलगाडीनें लातूरला येऊं लागला. जी पेठ पूर्वीं बार्शीची होती, तिच्या पिछाडीचा मुलूख लातूरनें हळूहळू आपल्याकडे ओढून घेतला. माल आला तसे अडते आले, तोलारी आले, हमाल आले. मालावर उचल देणारे सावकार आले. सरकी काढणारे आणि तेल गाळणारे कारखाने आले. गुजराती, मारवाडी, लिंगायत वाणी, मुसलमान व्यापारी यांचीं दुकानें शेजारीं शेजारीं लागलीं. गाडी ज्या कंपनीची होती तिचें भांडवल लंडनचें, राज्य हैदराबादचें, माल मराठी कुणब्याचा आणि भाव मुंबईचा. अशा चमत्कारिक मिश्रणांतून हें शहर निघालें.

या पेठेस आकार देण्याचें श्रेय मात्र निजामी अमदानीस द्यावें लागेल. फैयाजुद्दीन या नगररचनाकारानें लातूरसाठीं 'गंज-गोलाई'ची आखणी केली. 'गंज' म्हणजे धान्याची पेठ, आणि 'गोलाई' म्हणजे वर्तुळ. मधोमध एक मोठी वाटोळी जागा, आणि तिला चोहोंकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. मध्यावर दुमजली वाटोळी इमारत उभी राहिली. तिच्या पोटांत अंबाबाईचें देऊळ आहे. एकेका रस्त्यावर एकेका मालाची पेठ बसली : कोठें सराफी, कोठें जोडे, कोठें मिरची, कोठें गूळ. ज्यांनीं ही गोलाई पाहिली आहे त्यांस ठाऊक आहे कीं, नवखा मनुष्य एकदां तिच्याभोंवतीं फिरला कीं आपण कोणत्या रस्त्यानें आलों हें हमखास विसरतो. शेतकऱ्याची या वर्तुळांत शिरतांना काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

या आखणीविषयीं एक गोष्ट आम्हांस नेहमीं जाणवते. जुनीं शहरें नदीच्या कांठीं असतात. नाशिकचे, पैठणचे, नांदेडचे रस्ते धरून चालत गेलें तर मनुष्य केव्हांतरी घाटावर येऊन पोंचतो. लातूरच्या सोळा रस्त्यांपैकीं एकही घाटावर जात नाहीं, कारण गांवास घाटच नाहीं. मांजरा नदी उत्तरेकडून, कांहीं कोसांवरून, वळण घेऊन निघून जाते. जेथें पाणी तेथें वस्ती, हा नियम येथें चालला नाहीं. जेथें माल एकत्र येई तेथें वस्ती झाली. गांवाएवढ्या वस्तीस विहिरी व आड पुरत होते, तोंपर्यंत या उणिवेची कोणास खंत वाटली नाहीं.

यापुढील राजकीय घडामोडी सर्वांस परिचित आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख संक्षेपानें करतों. १९४७-४८ सालीं रझाकारांच्या अत्याचारांनीं हा मुलूख होरपळला. सरहद्दीकडच्या गांवांतून पुष्कळ कुटुंबें बार्शी-सोलापूरकडे निघून गेलीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान हिंदी संघराज्याच्या हातीं आलें. करोडगिरीचीं नाकीं उठलीं, हाली सिक्का पुढें इतिहासजमा झाला. १ जानेवारी १९५४ रोजीं बार्शी लाइट सरकारनें विकत घेतली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. जें लातूर आजवर कानडी, तेलुगु आणि मराठी मुलखांच्या राज्याच्या कडेला होतें, तें आतां मराठी राज्याच्या कडेला आलें. कड मात्र सुटली नाहीं.

शहराची दुसरी वाढ १९८२ पासून मोजावी. त्या वर्षीं ऑगस्ट महिन्यांत उस्मानाबाद जिल्हा (ज्याचें नांव २०२३ सालीं धाराशिव झालें) विभागून लातूर हा नवा जिल्हा करण्यांत आला. पेठेच्या शहरास कचेऱ्यांचें शहरपण आलें. अडत्यांचे वाडे गोलाईच्या आसपास होते. आतां कारकून, शिक्षक, वकील, डॉक्टर यांनीं औसा रस्ता, बार्शी रस्ता आणि अंबाजोगाई रस्ता यांच्या बाजूंनीं बंगले व सोसायट्या बांधल्या. उपनगर म्हणतात तें येथें असें निर्माण झालें : वर्तुळांतून बाहेर पडणाऱ्या रस्त्यांच्या कडांनीं, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें. दोन आऱ्यांमधलीं शेतें मागाहून भरलीं. १९९१ सालीं दोन लाखांच्या आंत असलेली वस्ती २००१ सालीं तीन लाखांच्या घरांत गेली.

मधल्या एका रात्रीचा उल्लेख केल्यावांचून मात्र या वाढीचा उलगडा होत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटें, चार वाजण्यास कांहीं मिनिटें असतांना, औसा तालुक्यांतील किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. आदल्या दिवशीं गणपति बोळविले होते. जागरण करून दमलेलीं माणसें नुकतीं निजलीं होतीं. या भागांतलीं घरें म्हणजे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचें जड माळवद. उन्हाळ्यांत अशा घरासारखा गारवा नाहीं. परंतु त्या रात्रीं तेंच माळवद छातीवर आलें. आठ-दहा हजार माणसें दगावलीं आणि बावन्न गांवें उचलून नव्या जागीं वसवावीं लागलीं. लातूर शहर त्या मानानें बचावलें आणि मदतकार्याचें केंद्र झालें. परंतु त्या रात्रीनंतर माळवदाखालीं निजण्याची भीति पंचक्रोशींत बसली. ज्याला ऐपत होती त्यानें सिमेंट-लोखंडाचें घर बांधलें. आणि घर नव्यानेंच बांधावयाचें तर तें शहरांत कां बांधूं नये, असा विचार अनेकांनीं केला असल्यास नवल नाहीं. आम्ही पाहिलेल्या जुन्या वाड्यांतून माळवदें आतां क्वचितच दिसतात.

शहरास तिसरा लोंढा मिळाला तो विद्यार्थ्यांचा. दयानंद महाविद्यालय १९६१ सालीं आणि राजर्षि शाहू महाविद्यालय १९७० सालीं निघालें. पुढें बारावीच्या गुणवत्ता-यादींत लातूरचीं नांवें एकामागून एक झळकूं लागलीं, आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचला. पद्धत साधी होती : वर्षभर नेटाची तयारी, वारंवार परीक्षा, आणि मुलांकडून पुन्हां पुन्हां गिरविणें. तिच्या गुणदोषांची चर्चा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथें इतकेंच म्हणावयाचें कीं, पूर्वीं जसा दहा तालुक्यांचा माल लातूरला येई, तशीं आतां दहा जिल्ह्यांचीं मुलें येऊं लागलीं. त्यांच्यासाठीं खोल्या, खानावळी, वसतिगृहें, शिकवण्या यांची एक नवीनच पेठ उभी राहिली. व्यापाऱ्याच्या शहरानें विद्येसही आडत लावली, असें कोणी विनोदानें म्हणेल. आम्ही तसें म्हणत नाहीं. ज्या खेड्यांतल्या मुलाला पुण्या-मुंबईचा खर्च झेपत नव्हता, त्याला वैद्यकीचें दार लातूरनेंच उघडून दिलें.

वस्ती वाढली, घरें वाढलीं, मुलें आलीं. पाणी मात्र होतें तेवढेंच. शहर आतां मांजरेवरच्या, बीड जिल्ह्यांतील धनेगांवच्या धरणावर अवलंबून होतें. त्याच नदीच्या खोऱ्यांत उसाची लागवड वाढली होती, आणि ऊस तहानलेला राहत नाहीं. घरोघर कूपनलिका खोदल्या जात होत्या; पांचशें फूट, सातशें फूट, जेथवर यंत्र जाईल तेथवर. ओळीनें वाईट पावसाळे गेले, आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत धरण कोरडें पडलें. त्या मार्च महिन्यांत पाणी भरण्याच्या ठिकाणीं दंगा होऊं नये म्हणून सरकारास जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. जमावबंदी राजकीय सभांसाठीं ऐकली होती. घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायकांसाठीं ती लागूं करण्याची वेळ आलेली पाहून आम्ही सुन्न झालों.

आणि मग पाणी आलें तें आगगाडीनें. राजस्थानांतील कोटा येथें वाघिणी वाफेनें धुऊन स्वच्छ करण्यांत आल्या, मिरजेस त्यांत कृष्णेचें पाणी भरण्यांत आलें, आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं भल्या पहांटें दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोंचली. लोकांनीं हार घालून तिचें स्वागत केलें. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या, आणि ऑगस्टपर्यंत शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. ही गाडी ज्या वाटेनें आली ती वाट पाहावी : मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे कॅलथ्रॉपच्या चिमुकल्या गाडीचीच ही वाट. रूळ आतां रुंद झाले होते. ते टप्प्याटप्प्यानें बदलले होते, कांहीं ठिकाणीं मार्ग थोडा वळविला होता, लातूरचें स्थानकही जुन्या जागेवरून हललें होतें. परंतु रेघ तीच. ज्या रेघेनें शंभर वर्षें लातूरचा कापूस आणि तूर बाहेर गेली, तिनेंच लातूरला पिण्याचें पाणी आलें. आणि तेंही गोदावरीच्या खोऱ्यांतल्या शहरास कृष्णेच्या खोऱ्यांतून. हा रूळ १९११ सालीं पडला नसता तर २०१६ सालीं लातूरनें काय केलें असतें, हें सांगवत नाहीं. पण रूळ पडला नसता तर पावणेचार लाख माणसें या निर्जळ माळावर गोळाच झालीं नसतीं, हेंही तितकेंच खरें.

त्याच वर्षीं पावसाळ्याच्या शेवटीं मोठा पाऊस झाला आणि मांजरेचें धरण भरलें. नळांना पाणी आल्यावर त्या उन्हाळ्याची आठवण लोक विनोदानें काढूं लागले. २०१८ सालीं लातुरास रेल्वेचे डबे बांधण्याचा कारखाना घालण्यास प्रारंभ झाला. बाजार-समितींत आतां कापसाच्या जागीं सोयाबीन आणि तूर यांच्या राशी पडतात, आणि तुरीचा लातूरचा भाव देशभर पाहिला जातो.

शिरूर अनंतपाळास रेल्वे नाहीं. तेथला शेतकरी आपलें सोयाबीन टेंपोंत घालून अद्यापि लातूरलाच नेतो, आणि दहावी झालेलें त्याचें मूल त्याच रस्त्यानें पुढच्या शिक्षणास जातें. परंतु त्या तालुक्यांत घरणी आणि साकोळ अशीं दोन मध्यम धरणें आहेत. लातूरजवळ जें होतें तें शिरुरास मिळालें नाहीं, आणि लातूरजवळ जें नव्हतें तें शिरुराच्या दाराशीं आहे. नव्या नगरपंचायतीच्या मंडळींनीं शहर होण्याचा नकाशा काढावयास घेतला, तर त्यांत आधीं दुकानांचे गाळे आंखावयाचे कीं हीं दोन तळीं, हें अजून त्यांच्या हातांत आहे. लातूरकरांस ती निवड करावयास कोणी सांगितलेंच नव्हतें.